नीटचे आप्पा

लातूरला उद्योग भवनाच्या मागच्या बाजूला ट्यूशन एरिया नावाचा जो भाग आहे, तिथे दर दुसऱ्या भिंतीवर कुठल्या ना कुठल्या सरांचा हसरा फोटो असतो आणि त्याखाली पोरांचे चौकोनी फोटो मार्कांसकट असतात. या पोरांवर पेपरात बरंच छापून येतं. सरांवर तर येतंच येतं. त्यांच्या बापांवर मात्र कुणी चार ओळी लिहिल्याचं मला आठवत नाही. म्हणून हा खटाटोप.

हा बाप शनिवारी येतो. गाव अहमदपूर असेल, निलंगा असेल, मुखेड-कंधारकडचं असेल. एका हातात चार कप्प्यांचा स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात पिशवीत लिंबं, शेंगदाणे, तूर डाळ. येळवस नुकतीच होऊन गेली असेल तर भज्जी आणि आंबीलही. काखेत झेरॉक्सचा गठ्ठा. लेक रूमवर, लेकीची आई लेकीपाशी, गावाकडं हा, शेत आणि म्हैस. यालाच मी आप्पा म्हणतो. खाली जे आप्पा आलेत ते एक नव्हेत. आमच्या गल्लीत भाड्याने राहून गेलेल्या चार-पाच आप्पांना मी एकाच सदऱ्यात घातलंय. सगळ्यांना तो सदरा बरोबर बसतो, हे विशेष.

पूर्वीचे बाप पोराला लातूरला ‘टाकत’. डॉ. जनार्दन वाघमारे प्राचार्य असताना राजर्षी शाहू महाविद्यालयातून लातूर पॅटर्न नावारूपाला आला, बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं दिसू लागली, तेव्हा बापाचं काम फी भरून परत जाण्याएवढंच होतं. पोरगं काय शिकतं हे विचारणं म्हणजे देवळात पुजाऱ्याला मंत्राचा अर्थ विचारणं. पुढे डॉक्टरकीच्या प्रवेशाची नीट परीक्षा आली आणि सगळ्यांचं गणित बदललं. प्रश्न १८०, मार्क ७२०. आप्पांनी हे आकडे आडतीवरच्या पट्टीसारखे उलटसुलट तपासले आणि त्यांच्या लक्षात आलं की अर्धे, म्हणजे ३६० मार्क, एकट्या बायोचे आहेत. बायोत गणित नाही. बायोत फक्त पाठ करायचं आहे. आणि ज्या माणसाला हरिपाठ न बघता येतो त्याला पाठांतराची भीती कोण घालणार?

“फिजिक्स सरावर सोडलंय, केमिस्ट्री नशिबावर. बायो मात्र मी बघायलो,” आप्पा सांगतात.

बघायलो म्हणजे काय, तर संध्याकाळी रूमच्या दारात पोतं टाकून नोट्स उघडायच्या आणि चष्मा कपाळावर ढकलून प्रश्न विचारायचे. “बोल माय, एका पायात हाडं किती?” लेक भाकरी मोडता मोडता म्हणते, तीस. “कोन्ती कोन्ती?” फीमर एक, टिबिया एक, फिब्युला एक, पॅटेला एक, टार्सल सात, मेटाटार्सल पाच, फॅलँजेस चौदा. आप्पा बोटांच्या पेरांवर बेरीज लावतात. तीस भरले की मान हलवतात. पोत्यातलं वजन बरोबर निघालं. त्यांचे स्वतःचे उच्चार ऐकण्यासारखे असतात. ‘स्टर्नोक्लायडोमास्टॉइड’ ते एका श्वासात म्हणतात, शेवटच्या अक्षरावर किंचित थांबतात आणि मग इकडंतिकडं बघतात. मंत्रपुष्पांजली संपल्यावर गुरुजी बघतात, ती नजर.

इथवर कुणाला त्रास नव्हता. पण आप्पा गावाकडं परत जातात, आणि तिथं हे ज्ञान वापरायला काढतात.

आपल्याकडे शरीरातल्या एखाद्या जागेचं लॅटिन नाव कळतं तेच मुळी ती बिघडल्यावर. ज्याचं पोट कधी दुखलं नाही त्याला अपेंडिक्स नसतंच. ‘पाहुण्याला अपेंडिक्स झालंय’, ‘पोरीला टॉन्सिल झालेत’, ‘मला लई वर्षांपासून सायनस आहे’. अवयव होतो, वाढतो आणि कापला की बरा होतो. मराठीने या शब्दांना सरळ रोगांच्या पंगतीत बसवलं आणि मला यात काही गैर वाटत नाही. धडधाकट माणसाला अपेंडिक्स या शब्दाचं काम तरी काय? लॅटिनमध्ये अपेंडिक्स म्हणजे शेवटी जोडलेलं, लटकवलेलं. पुस्तकाच्या मागे परिशिष्ट असतं, तेच. परिशिष्टाकडे कुणाचं लक्ष जात नाही तोवर पुस्तक बरं चाललेलं असतं.

आप्पांना मात्र हे खपत नाही. लग्नाच्या पंगतीत कुणी रुमालात शिंकून “सायनस आहे” म्हणालं की आप्पांचा घास थांबतो.

“सायनस समद्यालाच असतंय, पाहुणे. नाकाच्या आजूबाजूला, चार जोड्या. पोकळ जागा असत्यात त्या. तुमाला जे झालंय ते सायनसायटिस.”

“तेच म्हनायलो की,” पाहुणे म्हणतात, “सायनस.”

आप्पा जिलेबी परत पाठवतात.

कुणाचा पाय मोडला म्हणून बघायला गेले तर आधी “कोन्तं हाड?” असं विचारतात. घरच्यांनी “पायाचं” म्हटलं की त्यांना आजाऱ्यापेक्षा जास्त वेदना होतात. एकदा एसटीत शेजारच्या सीटवर गळ्यात पट्टा घातलेल्या एक बाई होत्या. त्यांनी “सर्व्हायकल हाय” एवढंच सांगितलं. सर्व्हिक्स म्हणजे लॅटिनमध्ये मान. आणि मान फक्त डोक्याखालीच असते असं नाही, गर्भाशयालाही असते, म्हणून तोच शब्द तिकडेही चालतो. हे ज्ञान आप्पांना नुकतंच झालं होतं. “बाई, सर्व्हायकल दोन ठिकानी असतंय,” इथवर त्यांनी वाक्य आणलं. पुढचं वाक्य आप्पांच्या मंडळींनी त्यांच्या पायावर पाय देऊन थांबवलं. कोणत्या हाडावर दिला, हे आप्पांनी त्या वेळी सांगितलं नाही.

पण खरा प्रसंग अक्कांच्या घरी घडला.

अक्का म्हणजे आप्पांची थोरली बहीण, नांदेडला दिलेली. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं. मराठवाड्यात याला ‘वाट्या बदलल्या’ म्हणतात. आता तर लग्नात पुढच्या रांगेतल्या खुर्च्यांवर बसलेल्या बायकांत ‘तुमच्या कधी बदलल्या?’ हा नमस्कारानंतरचा पहिला प्रश्न झालाय. वाटी झिजते, वाटी सरकते, वाटीत पाणी होतं, शेवटी वाटी बदलतात. गुडघ्याचा सगळा इतिहास आपल्या भाषेत या एका भांड्यात मावतो.

आप्पा खुर्ची ओढून बसले. चहा आला. अक्का म्हणाल्या, “दोन्ही वाट्या बदलल्या रे, बाबा.”

“अक्का, वाटी म्हनू नये. पॅटेला म्हन.”

“काय?”

“पॅटेला. अन् तुज्या पॅटेला बदलल्याच न्हाईत.”

हे खरंच होतं. गुडघा बदलतात तेव्हा मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावर धातूची टोपी बसवतात, नडगीच्या हाडाच्या माथ्यावर धातूची बैठक आणि तिच्यावर प्लास्टिकचा थर. वाटी पुष्कळदा जिथल्या तिथे असते. फार तर तिच्या आतल्या अंगाला प्लास्टिकचं अस्तर लावतात. आप्पांनी हे सगळं बशीवर कप पालथा घालून दाखवलं. चहा त्यात होता.

भाऊजी उठून आत गेले आणि हॉस्पिटलची फाइल घेऊन आले. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या साहित्यावर दराची मर्यादा घातली, कोबाल्ट क्रोमियमच्या गुडघ्याला ५४,७२० रुपये अधिक जीएसटी. हा आकडा भाऊजींना तोंडपाठ होता, कारण त्याच्या पलीकडे एक रुपया कुठे जास्त लागलाय का हे त्यांनी पावतीवर बोट ठेवून तपासलेलं. आता ते पावतीवर वाटी शोधायला लागले. टोपीचं नाव सापडलं, बैठकीचं सापडलं, प्लास्टिकचं सापडलं. वाटी कुठेच नव्हती.

“म्हंजे ज्याला वाट्या बदलायच्या म्हनून पैसे भरले...” भाऊजींनी वाक्य अर्धं सोडलं.

“माज्या जुन्याच वाट्या हायेत का आतमदी?” अक्कांनी विचारलं.

“हायेत.”

“मंग आता दुखत कामून न्हाईत?”

हे नोट्समध्ये नव्हतं. आप्पांनी बशीतला चहा पिऊन वेळ काढला. कोपऱ्यात अक्कांचा नातू मोबाइल बघत बसला होता. विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला. घरातलं एकमेव खरं डॉक्टरकीचं रोप, त्यामुळे त्याला कुणी काही विचारत नव्हतं. त्याने मान वर न करता म्हटलं, “आप्पा, पॅटेला म्हंजे लॅटिनमधी वाटीच.”

“काय म्हनालास?”

“छोटं पसरट भांडं. ताटली-वाटीसारखं. मॅडमनी सांगितलं. स्पेनमधी पाएला नावाचा भात करत्यात ना, ते नाव बी त्याच भांड्यावरून पडलंय.”

अक्का हसल्या. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच इतक्या हसल्या म्हणे. आप्पांनी लातूरची परतीची गाडी गाठली आणि वाटेत लोह्यापर्यंत कुणाशी बोलले नाहीत.

त्यांचं दुःख मी समजू शकतो. ज्या शब्दासाठी शेतातलं सोयाबीन विकून फी भरली, तो शब्द घरातल्या फळीवर आधीपासून पालथा घातलेला निघाला. आणि एक निघाला म्हटल्यावर बाकीच्यांवरही संशय आला. आप्पांनी लेकीच्या मोबाइलवर एकेक नाव घालून त्याचा अर्थ काढायला सुरुवात केली. लेक म्हणाली, “आप्पा, हे परीक्षेला येत न्हाई.” आप्पा म्हणाले, “हिशेबाला येतंय.”

त्यांनी लांबुडक्या वहीत यादी केली. मी ती पाहिली आहे. क्लॅव्हिकल, गळ्याखालचं हाड: छोटी किल्ली. टिबिया, नडगी: बासरी. फिब्युला: कपड्याला लावायची पिन. पेल्व्हिस: घंगाळ. कानात मॅलियस, इंकस, स्टेपीस, म्हणजे हातोडा, ऐरण आणि रिकीब. लोहाराचं दुकान आणि दारात घोडा. यातल्या रिकिबीची गंमत अशी की जुन्या रोमनांना रिकीब ठाऊकच नव्हती, ते तसेच घोड्यावर चढत. त्यामुळे तिला त्यांच्या भाषेत शब्दही नव्हता. तो नंतरच्यांनी घडवून लॅटिनच्या गळ्यात बांधला. नाकाचा पडदा ज्या हाडावर उभा असतो ते व्होमर: नांगराचा फाळ. मेंदूवरच्या घड्यांमधली सल्कस: फाळाने पडलेलं तास. या दोन नोंदींखाली आप्पांनी पेनाने दोनदा रेघ मारली होती. “आपून आयुष्यभर नांगर मागून हाकला,” ते म्हणाले, “तो म्होरं नाकात हाय हे कुनी सांगितलंच न्हाई.”

लहान आतड्याच्या पहिल्या तुकड्याचं नाव ड्युओडेनम, कारण त्याची लांबी बारा बोटं. पुढचा तुकडा जेजुनम, म्हणजे उपाशी. मेलेल्या माणसाचं पोट उघडलं की हा भाग रिकामा सापडे म्हणून. आप्पांनी त्याच्यापुढे ‘एकादशी’ असं लिहिलं होतं. मसल हा शब्द मूळ ‘छोटा उंदीर’ या अर्थाचा. दंड आवळला की कातडीखाली काहीतरी पळतं. रोमनांना तिथं उंदीर दिसला, आपल्याला बेडूक दिसला आणि आपण बेटकुळी म्हटलं. डोळ्यातल्या प्युपिलचा अर्थ छोटी बाहुली. आपणही बाहुलीच म्हणतो. समोरच्याच्या डोळ्यात वाकून बघितलं की आपणच बोटभर होऊन दिसतो, हे रोममध्येही कुणाच्या तरी लक्षात आलं असणार.

एकाच नोंदीवर आप्पांचा राग गेला नाही. कमरेच्या मोठ्या हाडाला जुन्या पुस्तकांत इनॉमिनेट म्हणतात. त्याचा अर्थ, नाव नसलेलं. “नाव न्हाई हेच नाव ठिवलं,” आप्पा म्हणाले. “अन् ह्याला मार्क चार, चुकलं तर एक वजा.”

मी त्यांना समजवायचा प्रयत्न केला. म्हटलं, आप्पा, ही नावं ठेवणारे लोक मुडदे फाडत होते. समोर कधी न पाहिलेलं काही आलं की माणूस ते घरातल्या वस्तूवरून ओळखतो. व्हेसालियसचा शरीररचनेवरचा मोठा ग्रंथ १५४३ मध्ये बाझेलला छापला गेला, त्याच्या आधी आणि नंतरही ज्याने त्याने आपापली नावं दिली, एकेका हाडाला डझनभर. शेवटी १८९५ मध्ये शरीरशास्त्रज्ञांनी बाझेलमध्येच बसून सुमारे ५०,००० नावांची छाटणी केली आणि पाच-साडेपाच हजार ठेवली. आज नांदेडचा डॉक्टर ‘पॅटेला’ लिहितो ते टोकियोचा डॉक्टर वाचू शकतो, ते यामुळे. लॅटिन आता कुणाच्या घरात बोलत नाहीत, हाच तिचा फायदा. पॅटेला म्हटल्यावर जगात कुणीही भाजी वाढायला पुढे होत नाही. वाटीचं तसं नाही. नर्सने ‘वाटी आणा’ म्हटलं तर अक्कांच्या घरून स्टीलची येईल.

आप्पांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, “अन् मराठी पुस्तकात काय म्हनत्यात वाटीला?”

मी म्हटलं, “जान्वस्थी.”

“कुनी आनलं हे?”

“परिभाषा करणाऱ्यांनी. संस्कृतातून.”

“म्हंजे रोमवाला वाटी म्हनला. आमची माय वाटी म्हनत होती. अन् मधी हे कोन बसलंय?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी आप्पांच्याच बाजूचा आहे. पडजीभ, माकडहाड, बेटकुळी, बाहुली, वाटी असे शब्द ज्या भाषेत रोज चालतात, तिने पाठ्यपुस्तकात जत्रुक आणि जान्वस्थी लिहावं आणि पोरांनी मग ते सोडून सरळ इंग्रजी वाचावं, यात लॅटिनचा दोष नाही. पण हे आप्पांना बोलून दाखवणं धोक्याचं होतं. ते तसंच्या तसं पुढच्या पंगतीत गेलं असतं, माझ्या नावासकट.

वर्षअखेरीला आप्पांना आणखी एक शोध लागला. पॅटेला ही शरीरातली सर्वांत मोठी ‘सिसमॉइड’ आहे आणि सिसमॉइड म्हणजे तिळासारखं. “तिळाएवढ्यात मोठं काय अन् बारकं काय?” असं म्हणत ते बराच वेळ हसले. शिवाय रांगत्या लेकराच्या गुडघ्यात ही वाटी हाडाची नसते, नुसती कूर्चा असते. हाड धरायला तीनेक वर्षांपुढे सुरुवात होते. हे कळल्यापासून गावात कुणाच्या घरी बारसं असलं की आयाबाया आप्पांपासून पाळणा जरा लांब ठेवतात.

मे महिन्यात परीक्षा झाली, जूनमध्ये निकाल. आप्पांच्या तोंडातून हाडं गेली आणि कटऑफ आला. कॅप राउंड, स्टेट कोटा, ऑल इंडिया. मराठवाड्यात कॉलेजं कमी असताना ७०:३० च्या प्रादेशिक आरक्षणाच्या सूत्रामुळे इकडच्या पोरांचं कसं नुकसान होत होतं आणि सप्टेंबर २०२० मध्ये वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुखांनी ते सूत्र रद्द केल्याचं विधानसभेत कसं जाहीर केलं, हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा ऐकवलं. जणू मीच विरोधात मत दिलं होतं. एमबीबीएस थोडक्यात हुकलं. लेकीला नांदेडच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात प्रवेश मिळाला. लेक खूश होती, आई खूश होती. आप्पा दोन दिवस गप्प होते आणि मला वाटलं, आता हे प्रकरण मिटलं.

मग लेकीची पुस्तकं आली.

सुश्रुताने हाडं ३०० सांगितली आहेत. चरकाने ३६०. दात धरलेत, कूर्चा धरल्यात, चरकाने तर नखंही सोडली नाहीत. मोजायची रीत वेगळी, म्हणून आकडा वेगळा. लेकीने हे समजावून सांगितलं. आप्पांच्या कानात फक्त आकडा गेला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सुश्रुताने हाडांचे पाच प्रकार केलेत, त्यात गुडघ्याचं हाड ‘कपाल’ या प्रकारात बसवलंय. कपाल म्हणजे खापर, भिक्षेचं पात्र. आप्पांनी त्याच रात्री अक्कांना फोन लावला आणि सांगितलं, “अक्का, वाटी म्हनत जा.” अक्का म्हणाल्या, “मी कवा सोडलंय?”

अलीकडे लातूरच्या गंजगोलाईत ते मला दुसऱ्या एका आप्पांना गाठून उभे असलेले दिसले. या दुसऱ्या आप्पांच्या पोराला विष्णुपुरीला एमबीबीएस मिळालेलं, त्यामुळे ते जरा ताठ उभे होते.

“किती हाडं शिकवायलेत तुमच्या पोराला?” आमच्या आप्पांनी विचारलं.

“दोनशे सहा.”

“बस? आमच्या पोरीला तीनशे हायेत.”

दुसऱ्या आप्पांचा ताठपणा गेला. त्यांनी बोटांवर वजाबाकी केली, खिशातला मोबाइल काढला, परत ठेवला. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, “बाकीची ९४ सेकंड इयरला असतील की वो?”